निसर्गपाठ : खैर कसा ओळखावा

पावसाळ्यानंतर आपल्यापैकी अनेकांच्या बागेत गडग्यालगतची काटेरी झाडी साफ होते. मजुरीला येतात बहुधा कातकरी. "ती बाभूळ काढून टाका," असे आपण सांगतो आणि तोडला जातो खैर. खासगी जमिनीतलाही खैर परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. कोयती ज्याच्या हातात, चौकशी आधी त्याची होते. म्हणून हा पाठ.

आधी काटे पाहा. बाभळीचे काटे लांब, सरळ, पांढरट. खैराचे आखूड आणि मागे वळलेले, मांजराच्या नखांसारखे. पानाच्या देठाच्या बुडाशी जोडीने असतात. जुन्या फांदीवर ते झडलेले असू शकतात, तेव्हा साल पाहावी : गडद, लांबट पट्ट्यांनी सुटणारी. बाभळीचे फूल म्हणजे पिवळा गोंडा. खैराला पावसाळ्याच्या सुमारास फिकट पिवळे, बोटभर लांब तुरे येतात. शेंगांत तर चूक होणेच नको. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, खैराची चपटी, पातळ, तपकिरी. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाड निष्पर्ण होते. ते वाळले असे समजू नये.

दोन्ही झाडे एकाच कुळातली. निर्गमाच्या 25 व्या अध्यायात कराराच्या कोशासाठी सांगितलेले बाभळीचे लाकूड याच गोतातले.

खैराचे धन गाभ्यात आहे. बाहेरचे फिकट लाकूड तासून काढतात, तांबड्या गाभ्याचे ढलपे पाण्यात उकळतात, तो काढा आटवून थंड केला की काथ थिजतो. विड्याला रंग त्याचाच. मासेमारीची जाळी आणि शिडे टिकावीत म्हणूनही तो वापरला जाई. काथ करणारे ते कातकरी, किंवा काथोडी. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि खैरावरचा त्यांचा हात सुटला. आज कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर त्यांची गणना राज्यातील तीन आदिम जमातींत होते. ज्या झाडावरून नाव पडले, त्याच झाडापायी त्यांना जाब द्यावा लागावा, हे मनाला लागते.

तुमच्या बांधावर खैर असेल तर हिवाळ्यात पिकलेल्या शेंगा उतरवून ठेवा. बी रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या आरंभी पेरावे, उघड्या उन्हाच्या जागी. सावलीत रोप जोर धरत नाही. तोडलेला खैरही बुंध्यापासून पुन्हा फुटतो, तेव्हा खोड खणून काढू नका.