ग्रहणातील चंद्राचे छायाचित्रण

प्रश्न : नांदेड-लातूर भागातून खग्रास चंद्रग्रहण टिपताना कॅमेऱ्याची मांडणी कशी असावी?

उत्तर : ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणात खग्रास अवस्था, म्हणजे संपूर्ण बिंब पृथ्वीच्या गडद छायेत असण्याचा काळ, सुमारे ८२ मिनिटांचा होता. या अवस्थेत पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला तांबूस प्रकाशच चंद्रावर पोहोचत असल्याने त्याची दीप्ती हजारो पटींनी घटते. म्हणून पौर्णिमेच्या चंद्राला पुरेसे ठरणारे आयएसओ १००, एफ/८ व १/२५० सेकंद हे प्रमाण सोडून, तिपाईवरील ३०० मिलिमीटर लेन्सवर आयएसओ १६००, एफ/५.६ व अर्ध्या सेकंदापासून आरंभ करावा. शटर एका सेकंदाहून अधिक उघडे राहिल्यास चंद्राच्या सरकण्याने बिंब पुसट होते. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री मराठवाड्यातून खग्रास ग्रहण दिसणार असल्याने तोवर प्रत्येक पौर्णिमेला सराव करणे हितावह ठरेल.