जातं थांबलं, ओवी कुठं गेली?

गंगाखेडच्या जनाबाईसंगं विठ्ठल दळायला बसायचा, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. जात्यावर बसलं की माहेर, सासुरवास, पंढरी सगळं ओवीत यायचं. बाई स्वतःच विचार करायची, स्वतःच शब्द जुळवायची.

गावात गिरणी आली. बरंच झालं, खांदे भरून येणं कुणाला हवंय! पण पहाटेची ती एकांताची घटकाही गेली. आता भजन मोबाईलवर लागतं आणि आपण भाकरी थापत ऐकतो. देवाशी बोलतं ते दुसरंच कुणी.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या जपल्या गेल्या. आपल्या सासवांच्या, आज्यांच्या ओठांवर अजून किती आहेत, विचारलंय का कधी?

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की मोबाईल बाजूला ठेवा. गटातल्या वयस्कर बाईला एक ओवी म्हणायला लावा, वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या. मग प्रत्येकीनं आपली एक जुळवा. सोयाबीनचा भाव, लेकीचं कॉलेज, मनातला विठ्ठल, काहीही चालेल. यमक चुकलं तर चुकू द्या.