डर्ट बाइकला दिवे बसविताना : आधी माप, मग वायर

गॅरेज, ऑटो इलेक्ट्रिक व वायरिंगच्या व्यवसायात आपले अनेक बांधव आहेत. रस्त्यावरच्या गाड्यांचे काम त्यांच्या हातात बसलेले असते. परंतु मधूनच एखादे गिऱ्हाईक माळरानावर किंवा मातीच्या ट्रॅकवर चालविण्याची मोटारसायकल, म्हणजे डर्ट बाइक, घेऊन येते व म्हणते, "उस्ताद, हिला पुढे-मागे दिवे बसवून द्या." काम दिसायला अर्ध्या दिवसाचे असते. दिवा आणला, दोन वायरी जोडल्या, किक मारली, दिवा पेटला, पैसे घेतले. मात्र चारच दिवसांत बल्ब उडतो, वायर घासून शॉर्ट होते किंवा बॅटरी बसते. असे डोंगरातल्या वाटेवर अंधारात घडले तर चालविणाऱ्याच्या जिवावर बेतते व कारागिराचे नाव जाते.

या कामाचा मुख्य नियम एकच आहे. गाडी किती वीज तयार करते ते आधी मोजावे व मगच दिवा निवडावा. आजच्या धड्यात आपण हे काम क्रमाने पाहू.

गाडी कोणत्या जातीची आहे?

अशा गाड्या साधारणपणे तीन प्रकारच्या असतात.

(१) रस्त्यावरची जुनी गाडी, जिचे दिवे शर्यतीसाठी काढून टाकले आहेत. हिच्या मॅग्नेटोत दिव्यांची कॉइल जागेवर असते. हे काम सर्वांत सोपे.

(२) कंपनीतूनच दिव्यांची कॉइल दिलेली, पण दिवे न दिलेली किंवा अगदी लहान दिवे असलेली गाडी.

(३) निव्वळ मोटोक्रॉसची गाडी. कावासाकीची केएक्स व यामाहाची वायझेड या मालिकांतील गाड्या याच जातीच्या. यांच्या किकवाल्या जुन्या मॉडेलांत स्टेटर बहुधा फक्त ठिणगीपुरता असतो. इंधन इंजेक्शनच्या मॉडेलांत पंप व ईसीयू त्याच विजेवर चालतात. तेथून दिव्यासाठी वीज ओढली तर इंजिनच अडखळू लागते. अशा गाडीचा स्टेटर बदलावा किंवा रिवाइंड करावा लागतो. नाहीतर वेगळी बॅटरी ठेवून तेवढ्यापुरता दिवा चालवावा लागतो.

वेगळ्या बॅटरीचा हिशेब गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असेल व २० वॉटचा एलईडी हेडलाइट आणि ५ वॉटचा टेललाइट लावला, तर सुमारे २ अँपिअर करंट जातो. कागदावर हे ३ तासांहून अधिक होतात. प्रत्यक्षात दोनच तास धरावेत.

वीज मोजण्याची पद्धत

मॅग्नेटोतून येणाऱ्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नये. गाडी जुनी असेल तर आधी कोणीतरी हात घातलेला असतोच. मल्टिमीटर ओमवर लावून प्रत्येक वायर व बॉडी यांमधील रोध पाहावा. दिव्यांची कॉइल जाड तारेची असते, त्यामुळे तिचा रोध साधारण एका ओमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. सीडीआयला वीज देणारी कॉइल बारीक तारेची असून तिचा रोध बहुधा शेकडो ओममध्ये असतो. या दुसऱ्या कॉइलला व किल स्विचच्या वायरीला हात लावू नये. तेथे दिवा जोडला तर ठिणगी जाते व गाडी सुरूच होत नाही.

कॉइल सापडली की इंजिन चालू करून मीटर एसी व्होल्टवर ठेवावा. लोड नसताना आकडा खूप मोठा दिसेल, परंतु त्यावरून काहीच कळत नाही. खरी परीक्षा लोडवरच होते. १२ व्होल्ट ३५ वॉटचा बल्ब जोडून रेस हळूहळू वाढवावी. मध्यम रेसवर व्होल्टेज १२.५ ते १३.५ राहिले तर कॉइल तेवढा भार पेलते. आकडा १३.५ च्या वर जाऊ लागला की रेस तेथेच थांबवावी, नाहीतर बल्ब उडेल. याउलट मध्यम रेसवरही तो १० व्होल्टवर अडकला तर ३५ वॉटचा दिवा त्या गाडीला झेपणार नाही. मग कमी वॉटचा एलईडी दिवा हाच उपाय.

आता बेरीज करावी. हेडलाइट ३५ वॉट, टेललाइट ५ वॉट आणि ब्रेक दाबला की आणखी २१ वॉट, म्हणजे एकूण ६१ वॉट. हेडलाइटच्या जागी २० वॉटचा एलईडी घेतला तर हीच बेरीज ४६ वर येते. गिऱ्हाईक ५५/६० वॉटचा एच-४ बल्ब मागेल. त्याच्यासमोर ही बेरीज करून दाखवावी. आकडा पाहिला की तो वाद घालत नाही.

एसी की डीसी?

बॅटरी नसलेल्या गाडीत साधे फिलामेंटचे बल्ब थेट एसीवर चालतात. मात्र रेग्युलेटर हवाच. तो जादा वीज बॉडीत उतरवून व्होल्टेज १४ च्या आत ठेवतो. रेग्युलेटरचा पाया रंग खरवडून स्वच्छ धातूवर घट्ट बसवावा. हे अर्थिंग ढिले असेल तर रेग्युलेटर असून नसल्यासारखा होतो व बल्बांमागून बल्ब जळतात.

एलईडी दिवा बहुधा डीसीसाठी बनविलेला असतो. तो थेट एसीवर जोडला तर लुकलुकतो किंवा लवकरच मरतो. त्यासाठी रेग्युलेटर-रेक्टिफायर व लहान बॅटरी घ्यावी.

येथे नवशिके हमखास अडखळतात. दिव्यांच्या कॉइलचे एक टोक स्टेटरच्या पत्र्याला म्हणजे बॉडीला डाख दिलेले असते. तसेच ठेवून रेक्टिफायर लावला तर विजेच्या लाटेचा अर्धाच भाग कामी येतो. पूर्ण वीज हवी असेल तर ते टोक पत्र्यापासून सोडवावे, त्याला नवी वायर डाख देऊन स्लीव्ह चढवावी व ती बाहेर आणावी. मग दोन्ही टोके व बॉडी यांत मीटर कोठेही जोड दाखवत नाही ना, हे तपासावे. ही दोन टोके रेक्टिफायरच्या दोन एसी पिनांना जोडावीत. इग्निशन कॉइलचे अर्थिंगही त्याच ठिकाणी असल्यास ते मात्र पूर्ववत बॉडीलाच ठेवावे.

जोडणी झाल्यावर मध्यम रेसवर बॅटरीच्या टोकांत १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर खराब समजावा.

फ्यूज व वायर

बॅटरी आली की फ्यूज आलाच, आणि तो बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी जवळ असावा. ३५ वॉटचा हेडलाइट, ५ व २१ वॉटचा टेललाइट मिळून करंट सुमारे ५ अँपिअर होतो, त्याला ७.५ अँपिअरचा तपकिरी फ्यूज पुरे. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

हेडलाइटच्या दोन्ही वायरींसाठी १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची बहुतारी वायर वापरावी. बारीक वायरीत थोडी बचत होते, पण प्रकाश जातो. व्होल्टेज १२ वरून ११ वर आले तर फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश जवळजवळ पाव हिस्सा कमी होतो.

रेले वापरायचा असेल तर तो फक्त डीसीवर वापरावा. ३० नंबरला फ्यूजमधून प्लस, ८७ ला दिवा, ८६ ला स्विच व ८५ ला अर्थ, अशी त्याची नेहमीची जोडणी आहे. हाच रेले एसीवर लावला तर तो कटकट वाजत राहतो.

टेललाइट

मागच्या बल्बमध्ये ५ व २१ वॉटच्या दोन फिलामेंट असतात. ५ वॉटची हेडलाइटच्या स्विचला, तर २१ वॉटची ब्रेकच्या स्विचला जोडावी. पुढचा लिव्हर व मागचा पेडल या दोघांचे स्विच समांतर जोडावेत, म्हणजे कोणताही ब्रेक दाबला तरी दिवा लागेल. ब्रेक दाबल्यावर टेललाइट उजळण्याऐवजी मंद झाला किंवा भलताच दिवा मिणमिणू लागला, तर बल्ब बदलत बसू नये. दोष बहुधा अर्थिंगचा असतो. डर्ट बाइकचे मागचे मडगार्ड प्लास्टिकचे असल्याने तेथे बॉडी अर्थ मिळतच नाही. अर्थची स्वतंत्र वायर चेसिसपर्यंत आणावी.

वायर कोठून न्यावी?

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, हे पाहावे. मागच्या बाजूला गाडी पूर्ण दाबून टायर कोठवर येतो ते पाहावे. मोठ्या उडीनंतर टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो व तेथे लोंबणारी वायर कापली जाते. सायलेन्सरपासून अंतर ठेवावे. पत्र्यातील प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट घालावे. धक्क्यांमुळे डाख दिलेली वायर नेमकी डाखाच्या कडेला तुटते; म्हणून चांगल्या पान्याने क्रिम्प करून वर श्रिंक स्लीव्ह चढवावी. ही गाडी रोज पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली जाते, त्यामुळे रबरी सीलचे कनेक्टर घ्यावेत. चिकटपट्टीने गुंडाळलेला जोड येथे टिकत नाही.

गिऱ्हाइकाला काय सांगावे?

कित्येक गिऱ्हाइकांना वाटते की दिवे लागले म्हणजे गाडी रस्त्यावर नेता येईल. तसे नाही. स्पर्धेसाठी विकलेल्या गाडीची नोंदणी होत नाही आणि दिवे बसविल्याने ती होणारही नाही. नोंदणी झालेल्या गाडीतही कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही गोष्ट स्पष्ट केली. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे दिवे काढलेल्या जुन्या गाडीला मात्र मूळ मापाचेच दिवे परत बसवावेत. तेच तिच्या नोंदणीला धरून आहे.

हे सर्व काम घेण्यापूर्वीच सांगावे. बिलावर दिव्यांचे वॉट, फ्यूजचा आकडा व "फक्त ट्रॅक किंवा खाजगी जागेत वापरासाठी" असा शेरा लिहावा. एखादे गिऱ्हाईक हे ऐकून निघून जाईल. जाऊ द्यावे. पोलिसांनी अडविल्यावर किंवा अपघात झाल्यावर जे गिऱ्हाईक भांडायला परत येते, ते यापेक्षा कितीतरी महाग पडते.

शेवटी गाडी देण्यापूर्वी अंधार पडू द्यावा. इंजिन मंद व जलद रेसवर चालवून, हँडल वळवून, दोन्ही ब्रेक दाबून, वायरींवर पाणी मारून सर्व दिवे पाहावेत. पंधरा मिनिटे चालल्यावर रेग्युलेटर व कनेक्टर यांना हात लावून पाहावा. रेग्युलेटर थोडा तापणारच, पण कनेक्टर तापत असेल तर जोड ढिला आहे असे समजावे व तो पुन्हा क्रिम्प केल्याशिवाय गाडी हातावेगळी करू नये.