पावसात एकट्याने देवळं पाहायची तर पाबळकडे वळा

पाऊस लागला की एकट्याने भटकणाऱ्याला पहिली ओढ लागते ती समुद्रकाठच्या देवळांची. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर ही नावं घेतली तरी कौलांवरून ओघळणारं पाणी आणि मागे खवळलेला दर्या डोळ्यांपुढे येतो. या ओढीत खोटं काही नाही. पण जून ते ऑगस्ट या काळात, सोबतीला कुणी नसताना, देवळं नीट पाहणं हाच हेतू असेल तर घाट उतरू नये, पुण्याहून पूर्वेला वळावं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी शिरूर तालुक्यातलं पाबळ हे मधलं गाव धरावं. तिथून शिरूर, खेड आणि दौंड या तीन तालुक्यांतली देवळं दोन-तीन दिवसांत निवांत पाहून होतात, आणि पावसामुळे बेत मोडण्याची शक्यता फार कमी राहते.

आधी समुद्राची बाजू पाहू. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकाच्या खिंडीतून पायऱ्या उतरून थेट लाटांच्या शेजारून जाते. ओहोटीला ती सुंदर आहे. भरतीला आणि पावसाळी उधाणात तोच खडक जीवघेणा ठरतो, तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. हेदवीच्या बामणघळीचंही तेच. ज्यांचं पोट दर्यावर आहे त्यांची मासेमारीसुद्धा 1 जून ते 31 जुलै सरकारी नियमाने बंद असते, आणि गेटवे ते मांडवा ही प्रवासी लाँच साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात थांबते. रस्त्यांची खात्रीही तेवढीच. वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो, ताम्हिणीत दरडी येतात. चारजण असले तर एक गाडी वळवतो, एक फोन लावतो, एक निसरड्यावर हात देतो. एकट्याजवळ यांतलं काहीच नसतं. जिथे एक चूक किंवा एक दरड सगळा बेत उलटवते, तिथे एकट्याने पावसात जाण्यात शहाणपण नाही.

आता घाटमाथ्याच्या अलीकडे या. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, शिरूर-दौंडकडे सरासरी 500 च्या आसपास. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांतलं बरंचसं पाणी घाटावरच रितं होतं, आणि पुढे सरकतात ते वारा आणि आभाळ. म्हणूनच जुलैत पाबळ परिसरात दिवसभर मळभ असतं, वारा वाहतो, मधूनच भुरभुर येते, पण धो-धो पाऊस क्वचित. पाबळची कोरडवाहू ओळख जुनी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली इथे विज्ञान आश्रम उभारला तो हे दुष्काळी पट्ट्यातलं गाव आहे हे जाणूनच. देवळं पाहणाऱ्याच्या दृष्टीने हे कोरडेपण फायद्याचं आहे. इथली जुनी देवळं काळ्या बसाल्टची. एप्रिल-मे महिन्यांत त्यांची फरसबंदी अनवाणी पायाला पोळते, आणि बाहेरच्या उन्हातून सभामंडपात शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. ढगाळ दिवसात आतला-बाहेरचा उजेड जवळजवळ सारखा होतो, कोरीवकामावर कडक सावल्या पडत नाहीत, खांबावरची झिजलेली आकृतीसुद्धा वाचता येते. शिल्पं पाहायला मला तरी याहून चांगला हंगाम ठाऊक नाही.

पाबळला पोचायला दोन वाटा. पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला उतरून उत्तरेला जावं, नाहीतर पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगरला उतरून पूर्वेला. या दोन्ही ठिकाणांपर्यंत गाड्यांची ददात नाही. पुढे मात्र एसटी मोजक्या आणि वडापवर भिस्त, म्हणून परतीची शेवटची गाडी किती वाजता हे उतरल्या उतरल्या स्थानकावर विचारून ठेवावं. दुचाकी असेल तर चाकण-शिक्रापूर रस्ता टाळा. कंटेनरची वर्दळ, पावसाने झाकलेले खड्डे आणि एकटा स्वार हे गणित वाईट आहे, राजगुरुनगरकडचा रस्ता त्या मानाने बरा. पाबळमध्ये मस्तानीची कबर आहे. 28 एप्रिल 1740 रोजी बाजीराव रावेरखेडीला वारले, त्यानंतर थोड्याच काळात तीही गेली, आणि तिला इनाम मिळालेल्या याच गावी तिला दफन केलं. देवळांच्या यादीत ही जागा बसत नाही म्हणून वगळू नका. या मुलखाचा इतिहास समजून घ्यायचा तर इथे थांबलंच पाहिजे.

पाबळच्या पश्चिमेला, खेड तालुक्यात, वेळ नदीकाठी कनेरसरची यमाई आहे. पूर्वेला कान्हूर मेसाईची मेसाई. दोन्ही अनेक घराण्यांच्या कुलदेवता, त्यामुळे नवरात्रात आणि यात्रेला इथे गर्दी लोटते. आषाढात मात्र गाभाऱ्यासमोर हवं तितकं बसता येतं. एकट्याला याहून मोलाचं काय? त्याच दिवशी भीमेकाठच्या निमगावचा खंडोबा जोडता येईल, फक्त सोमवती अमावस्या सोडून. दुसरा दिवस रांजणगावच्या महागणपतीला द्यावा, पण संकष्टी पाहून, विशेषतः अंगारकी टाळून. रांजणगावला देवस्थानचं भक्तनिवास आहे, औद्योगिक वसाहतीमुळे आसपास लॉजही पुष्कळ आहेत. काही ठिकाणी एकट्या माणसाला, मग तो पुरुष असो की बाई, खोली द्यायला कुरकुर करतात. म्हणून आधी फोन करून स्पष्ट विचारावं आणि ओळखपत्र जवळ ठेवावं.

तिसरा दिवस मिळाला तर दौंडची बाजू धरा, तीही रेल्वेने. पुणे-दौंड मार्गावर यवतला उतरलं की भुलेश्वर जवळ. देऊळ पुरंदर तालुक्याच्या हद्दीत आहे, पण वाट यवतची सोयीची. बाहेरून घुमट-मिनारांची साधी वास्तू वाटते, आत शिरल्यावर यादवकालीन शिल्पांच्या भिंती उभ्या राहतात. त्यांत स्त्रीरूपातला गणेश, म्हणजे वैनायकी, शोधून पाहावी. अनेक मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, तरी दागिने आणि वस्त्रांचं काम टिकून आहे, तिथे वेळ द्या. आत पायऱ्या अरुंद आणि अंधाऱ्या, टॉर्च हवाच. श्रावणी सोमवारी हे सगळं गर्दीत बुडून जातं. पुढे कुरकुंभची फिरंगाई किंवा भीमेपलीकडचं सिद्धटेक, दोन्ही दौंडहून होतात. एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

यावर कोकणप्रेमी एक रास्त आक्षेप घेतील. कोकणातलं देऊळ पावसासाठीच बांधलेलं आहे. उतरती कौलं, जांभ्याच्या भिंती, रुंद पडव्या हे सगळं पाऊस कोसळत असताना आत बसण्यासाठी आहे, आणि ते हिवाळ्यात पाहणं म्हणजे अर्धंच पाहणं. हे मला मान्य आहे. ज्याच्याजवळ सोबत आहे, हातात चार-पाच दिवस आहेत आणि एखादा दिवस खोलीत घालवायची तयारी आहे, त्याने पावसात कोकणात जरूर जावं. माझं म्हणणं शनिवार-रविवार गाठून निघालेल्या एकट्या माणसापुरतं आहे. दुसरा आक्षेप हिरवाईचा. घाटासारखं हिरवंगार इथे काही दिसणार नाही, हेही खरं. बाजरी आणि कांद्याची शेतं, बाभळी, मोकळे माळ एवढंच. पण ज्याला देऊळ पाहायचं आहे त्याच्यासाठी ही उणीव ठरू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: पठार तरी सुरक्षित कुठे आहे? खरंच, ते निर्धोक नाही, पण इथले धोके आधी समजून टाळता येतात. पहिला नदीचा. पाबळला आभाळ कोरडं असताना भीमाशंकरकडे मुसळधार चालू असू शकते. चासकमानमधून पाणी सोडलं की निमगावपाशी भीमा चढते, आणि खडकवासल्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळालं की सिद्धटेकच्या घाटावर. म्हणून डोक्यावरच्या आभाळावर विसंबू नका, धरणातून विसर्ग चालू आहे का ते सकाळीच पाहा आणि पायऱ्यांवरून पाण्यात उतरू नका. दुसरा धोका बिबट्याचा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या ऊसपट्ट्यात बिबट्याने माणसं मारली आहेत. सूर्य कलल्यावर उसाच्या कडेने पायी जाऊ नये, शौचाला एकट्याने शेतात बसू नये, मोबाइलवर गाणी लावून चालावं. बिबट्या दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावा, इतर प्रसंगी 112. तिसरी वीज. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. सप्टेंबर तर इथला भर पावसाचा महिना. त्या दिवसांत टेकडीवरची देवळं सकाळीच उरकावीत.

सामान थोडंच घ्या. चामड्याचा पट्टा-पाकीट काही गाभाऱ्यांत चालत नाही, तेव्हा कापडी बरं. सहज निघणाऱ्या चपला, कोरड्या मोज्यांचा एक जोड, छोटा टॉर्च, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे पुरेत. छत्रीपेक्षा रेनकोट घ्यावा, माळावरच्या वाऱ्यात छत्री उलटते. महिलांना एसटीत 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे. गावातलं देऊळ दुपारी बंद दिसलं तर परतू नका. शेजारच्या दुकानात विचारा, गुरवांचं घर सहसा जवळच असतं. गाभाऱ्याचा फोटो घेण्याआधी त्यांनाच विचारावं, आणि निघताना आपण पुढे कुठे चाललोय हेही त्यांच्या कानावर घालावं.