हॉस्टेलचा इंटरकॉम आणि ऑपरेटिंग सिस्टिमची निवड



मराठी विभागात दरवर्षी कविता, चारोळ्या आणि 'हॉस्टेलमधला माझा पहिला दिवस' हे ठरलेलं असतं. मी मात्र चक्क अभ्यासाचा लेख घेऊन आलेय. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ह्रस्व-दीर्घ माझ्याशी जरा फटकून वागतात. चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय माझ्या अंगाशी आलेला आहे, म्हणून तो मीच लिहायला हवा.

ती रात्र

मे २०२५. परीक्षा चालू होत्या. बुटीबोरीचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको! रात्री साडेअकराला अवकाळी वादळ आलं, एमआयडीसीच्या बाजूला विजा चमकल्या आणि लाईट गेली. थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीला दम्याचा त्रास सुरू झाला. पंप संपलेला. तिच्या रूममेटने कॉरिडॉरमधला इंटरकॉम उचलला. फोन चालू होता, कारण मजल्यावरचे फोन इन्व्हर्टरवर आहेत. तिने रेक्टर मॅडमचा नंबर फिरवला, नुसतंच टूं टूं. गेटचा फिरवला, तेच. शेवटी ती अंधारात तीन जिने उतरून धावली, जाळीच्या दारातून ओरडली. गेटवरच्या काकांनी शिट्टी वाजवून मॅडमना उठवलं आणि कॉलेजच्या गाडीने तिला दवाखान्यात नेलं.

मैत्रीण आता ठणठणीत आहे. पण त्या धावपळीत पंधरा मिनिटं गेली होती. दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "पोरी, तुह्या फोनपेक्षा माही शिट्टी बरी!" मी काहीच बोलले नाही. कारण इंटरकॉमचा सर्व्हर मीच बसवला होता, आणि ऑपरेटिंग सिस्टिमही मीच निवडली होती.

ॲस्टेरिस्क म्हणजे काय?

पूर्वी ऑफिसमधल्या अंतर्गत फोनसाठी ईपीएबीएक्स नावाची पेटी लागायची. ती महाग असते, आणि कंपनीने दिलं तेवढंच ती करते. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने लिनक्सची मदत देणारा छोटा व्यवसाय सुरू केला. अशी पेटी परवडत नव्हती, म्हणून त्याने तिचं काम करणारं सॉफ्टवेअरच लिहिलं आणि ते सगळ्यांना खुलं केलं. तेच ॲस्टेरिस्क. नाव कशावरून? की-बोर्डवरच्या चांदणीवरून. युनिक्समध्ये या चिन्हाचा अर्थ 'काहीही' असा होतो.

२०१० मध्ये छत्तीसगडात सुरू झालेलं 'सीजीनेट स्वर' याच ॲस्टेरिस्कवर उभं राहिलं. ज्यांच्या गावात इंटरनेट नव्हतं, ते लोक साध्या मोबाईलवरून आपली बातमी आपल्या आवाजात सांगू लागले. म्हणजे हे सॉफ्टवेअर फक्त हौशी लोकांचं खेळणं नाही. त्याच्या भरवशावर माणसं बसलेली असतात.

आमच्या हॉस्टेलमध्ये लॅबमधून बाद झालेलं एक ड्युअल कोअर मशीन आहे, ४ जीबी रॅमचं. मजल्यांवर नेटवर्कवर चालणारे आयपी फोन आहेत. पण रेक्टर मॅडमकडे आणि गेटवर जुनेच, दोन तारांचे फोन आहेत. ते जोडायला मशीनमध्ये चार पोर्टचं कार्ड बसवलंय. हे कार्ड जुन्या फोनला डायल टोन आणि रिंग देतं. हे कार्ड नीट लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

मी काय चूक केली?

आमच्या सीनिअर्सनी सर्व्हर सेंटओएस ७ वर बसवला होता. पण सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. मुदत संपली म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद. म्हणून बदल करणं बरोबरच होतं. पण मी काय केलं? माझ्या लॅपटॉपवर उबुंटू होतं, मला ते आवडायचं, म्हणून सर्व्हरवरही उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती टाकली. छान रंगीत स्क्रीन, माऊस, सगळं कसं ओळखीचं!

त्या कार्डाला डाहडी नावाचा ड्रायव्हर लागतो. तो लिनक्सच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी जोडलेला असतो. मी तो त्या दिवशीच्या कर्नलसाठी हाताने बांधला. एका कर्नलसाठी बांधलेला ड्रायव्हर दुसऱ्या कर्नलला चालत नाही. इकडे उबुंटू सुरक्षेचे अपडेट आपोआप घेत असतं. त्यात नवीन कर्नल येऊन बसला. मशीन महिनोन्‌महिने बंदच झालं नाही, त्यामुळे जुनाच कर्नल चालू राहिला आणि कोणाला काही कळलं नाही.

मग ती लाईट गेली. इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागला, तेवढ्यात मशीन रिस्टार्ट झालं आणि नवीन कर्नलवर उठलं. ॲस्टेरिस्क सुरू झालं, आयपी फोन सुरू झाले. पण कार्डाचा ड्रायव्हर काही उठला नाही. म्हणजे हॉस्टेलमधले सगळे फोन चालू आणि नेमके मॅडमचा व गेटचा असे दोनच बंद!

यात उबुंटूचा दोष नाही. आपोआप अपडेट होणं लॅपटॉपसाठी चांगलंच आहे. मी लॅपटॉपची सवय सर्व्हरला लावली, हा दोष माझा.

मग निवड कशी करावी?

पहिली गोष्ट, विंडोज. ॲस्टेरिस्क मुळात लिनक्ससाठी लिहिलेलं आहे, ते विंडोजवर सरळ चालत नाही. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन करून चालवता येतं, पण मग कार्ड आत पोचवायची मारामार होते.

दुसरी गोष्ट, डेस्कटॉप की सर्व्हर? फोनवरचा आवाज साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. पाकीट उशिरा आलं की आवाज तुटतो. वेब पेज अर्धा सेकंद उशिरा आलं तर कोणी मरत नाही, पण बोलण्यात अर्धा सेकंद फार मोठा असतो. म्हणून अशा जुन्या मशीनवर रंगीत स्क्रीनचा बोजा नकोच.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, ती सिस्टिम किती वर्षं जगणार? सेंटओएस ८ चंच बघा. ते २०१९ मध्ये आलं. लोकांनी २०२९ पर्यंतच्या भरवशावर ते बसवलं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या अखेरीस ते बंद होणार. त्यानंतर २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन पर्याय उभे राहिले. दोन्ही चांगले आहेत.

डेबियन कुठल्या एका कंपनीचं नाही, जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं आणि दीर्घ मुदतीच्या योजनेत त्याला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. एक अडचण आहे, डेबियन १२ च्या स्वतःच्या भांडारात ॲस्टेरिस्क नाही. पण फ्रीपीबीएक्स नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे. त्याने वेब पेजवरून माऊसने एक्स्टेंशन जोडता येतात. त्याच्या १७ व्या आवृत्तीची इन्स्टॉल स्क्रिप्ट डेबियन १२ साठीच लिहिलेली आहे आणि ॲस्टेरिस्कही तीच बसवून देते.

आम्ही काय केलं

जुलै २०२५ मध्ये मी आणि माझ्या दोन ज्युनिअर्सनी डेबियन १२ टाकलं, स्क्रीनशिवाय, आणि त्यावर फ्रीपीबीएक्स १७. आता मी हॉस्टेलवर नसले तरी ऑफिसमधले सर ब्राउझर उघडून नवीन नंबर जोडू शकतात. याशिवाय पुढच्या गोष्टी पाळतो.

१. कर्नल आपोआप बदलू द्यायचा नाही. बाकीच्या सुरक्षा दुरुस्त्या चालू ठेवायच्या. कर्नल महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, आपण समोर बसून बदलायचा आणि ड्रायव्हर लगेच पुन्हा बांधायचा.

२. बदल केला की मशीन रिस्टार्ट करून बघायचंच. 'चालू आहे ना, मग हात लावू नको' या म्हणण्यानेच मला फसवलं.

३. मशीनला वेगळा कॉम्प्युटर यूपीएस लावायचा. घरगुती इन्व्हर्टरच्या भरवशावर राहायचं नाही.

४. दर रविवारी गेटवरून मॅडमना आणि मॅडमकडून गेटला रिंग द्यायची. वहीत सही करायची.

५. सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवायचा नाही. आमचा इंटरकॉम कॅम्पसच्या आतच आहे. बाहेरच्या लाईनला जोडणं हा सरकारी परवान्याचा विषय आहे, तो हौसेने करू नये.

ज्यांना नवीन सुरुवात करायची आहे त्यांनी कार्ड घेऊच नये. एटीए नावाची छोटी डबी मिळते. ती जुन्या फोनला थेट नेटवर्कशी जोडते, मग ड्रायव्हर आणि कर्नलचं भांडणच मिटलं. आमच्याकडे कार्ड आधीच होतं, म्हणून ते सांभाळतोय.

जाता जाता

आपल्या सी-डॉटची स्थापना १९८४ ची. तिथल्या इंजिनीअर्सनी खेड्यांसाठी १२८ लाईनचं छोटं एक्स्चेंज बनवलं आणि ते १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. त्याची खासियत काय, तर ते एसीशिवाय चालायचं. आधी त्यांनी आपल्या खेड्यातली गरमी आणि लाईट बघितली, मग मशीन बनवलं. मी नेमकं उलटं केलं. आधी मला आवडतं ते टाकलं, आणि बुटीबोरीची लाईट कशी जाते हे नंतर आठवलं.

'कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बेस्ट?' यावर मेसमध्ये तासन्‌तास वाद होतात. मीही घातलेत. आता मी एवढंच विचारते, रात्री साडेअकराला लाईट गेली, मशीन आपलं आपण पुन्हा उठलं, तर सगळे फोन वाजतील का? आणि आपण पास होऊन गेल्यावर पुढच्या बॅचला ते सांभाळता येईल का? ज्या सिस्टिमबद्दल या दोन्हींचं उत्तर तुम्ही 'हो' देऊ शकता, ती तुमच्यासाठी बेस्ट.

आमच्या वहीत गेटच्या बाजूने काका सही करतात. मागच्या रविवारी रिंग वाजल्यावर त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "वाजला बरं पोरी." शिट्टी मात्र त्यांनी अजून खिशातच ठेवलीय. ती राहू द्यावी, असं माझंही मत आहे.