आरोग्यपाठ : ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि आपले गैरसमज

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-३४



या अंकातील पाठ अशा दुखण्याविषयी आहे, ज्याचे नाव आपल्या मंडळीत सहसा कोणी घेत नाही. खोकताना, हसताना किंवा डोक्यावर हंडा घेताना लघवी सुटणे. आणि बायका ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात ते, म्हणजे गर्भपिशवी किंवा मूत्राशय योनिमार्गातून खाली उतरणे. इगतपुरी तालुक्यातील ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी पाड्यांवर परिचारिका म्हणून फिरताना ही तक्रार मी वारंवार ऐकते, पण पहिल्या भेटीत ती कधीच ऐकू येत नाही. आधी कंबरदुखी सांगतात, मग अशक्तपणा. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, सासू पाण्याला गेली की हळूच म्हणतात, “सिस्टर, एक विचारू का?”

बंधूंनी हे पान उलटू नये. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांचीही लघवी गळते आणि त्यांनाही हेच व्यायाम शिकवतात. शिवाय बायकोला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे बहुतेक घरांत अजून तुम्हीच ठरवता.

मार्कच्या शुभवर्तमानातील स्त्रीचे दुखणे वेगळे होते; तिला १२ वर्षे रक्तस्राव होत होता. पण तिची स्थिती आमच्या बायकांना लगेच ओळखू येते. पुष्कळ वैद्य झाले, पैसा संपला, गुण नाहीच, आणि नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध ठरलेली. म्हणून ती मागून, गर्दीतून, कोणाला न कळता येते. याईराची मुलगी मरणाच्या दारात असताना प्रभू वाटेत थांबतो, आणि ही स्त्री सर्वांसमोर आपली सगळी हकिगत सांगते. तो तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. माझ्या मते बरे होण्याइतकेच हे सांगणेही तिथे महत्त्वाचे आहे.

न सांगण्याचे प्रमाण किती असते, हे महाराष्ट्रातच दिसून आले आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

आता शरीराकडे वळू. आवणीच्या वेळी बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून बाळ निजवलेले आपण पाहिले असेल. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची तशीच एक झोळी असते. तिचे एक टोक पुढच्या हाडाला, दुसरे मागे माकडहाडाला. मूत्राशय, गर्भपिशवी आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग हिच्यावर टेकलेले असतात, आणि लघवी व शौच रोखून धरण्याचे कामही हीच करते. गरोदरपणात तिच्यावर नऊ महिने भार पडतो आणि बाळंतपणात ती खूप ताणली जाते. विश्रांती मिळाली तर बरीचशी सावरते. आपल्याकडे सव्वा महिना सांभाळण्याची रीत आहे, आणि लेवीय १२ मध्येही मुलगा झाला तर एकूण ४० दिवस सांगितले आहेत. तो शुद्धीकरणाचा नियम आहे हे खरे; पण बाळंतिणीला तेवढे दिवस कामातून सुटका मिळत असावी, असे मला तो वाचताना वाटते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात मात्र सव्वा महिना कोण बसवतो? पंधराव्या दिवशी डोक्यावर १५ किलोचा हंडा, पावसाळ्यात दिवसभर चिखलात वाकून आवणी, मग लाकडाची मोळी. त्यात जुना खोकला किंवा बद्धकोष्ठ असेल तर झोळीला रोज आतून धक्के बसतात.

पेल्व्हिक फ्लोअर थेरपी म्हणजे ही झोळी पुन्हा कामाला लावण्याचे शिक्षण. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या व्यायामांवर लेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्यांना केगलचे व्यायाम म्हणतात.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा, की पिशवी काढली म्हणजे सुटलो. शस्त्रक्रिया वाईट नव्हे. काही जणींना तिचीच गरज असते. पण गाठोडे काढून घेतल्याने झोळी शिवली जात नाही. पिशवी काढल्यावरही योनिमार्गाचा वरचा भाग खाली उतरू शकतो आणि लघवी गळणे तसेच राहू शकते. बीजकोशही काढले तर पाळी अकाली जाते आणि हाडे ठिसूळ होतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न आपण वाचला असेल. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, तेव्हा ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणून कोणी “पिशवी काढा” म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नका, एवढे मी प्रत्येक पाड्यावर सांगते.

दुसरा गैरसमज पाण्याचा. लघवी गळते म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाची जळजळ वाढते, शौच कडक होते, आणि कुंथल्याने झोळी आणखी सैल होते. ‘वयच झाले’ हेही खरे नाही. पंचविशीतल्या मुलींनाही हा त्रास असतो आणि साठीतल्या बाईलाही व्यायामाने फरक पडतो. करणी, शाप किंवा पापाची शिक्षा यांचा तर काहीच संबंध नाही. तपासणीची लाज वाटते त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की स्त्री फिजिओथेरपिस्ट मागता येते, सोबत कोणाला ठेवता येते, आणि आतून तपासणी नको म्हटले तर ती होत नाही.

व्यायाम असा. गुडघे वाकवून उताणे पडा. वारा आणि लघवी एकाच वेळी रोखल्यासारखे आतून आवळा आणि वर ओढा. मांड्या, कुल्ले, पोट ढिले हवे. श्वास चालू हवा. पाच-सहा अंक मोजेपर्यंत धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सोडा. एका वेळी ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. जमू लागले की बसून, उभ्याने. चुलीपुढे बसल्या बसल्याही होते, कोणाला कळत नाही. आणि हंडा उचलण्याआधी, खोकला येण्याआधी आवळायचे, मग उचलायचे. ही एक सवय लागली तरी पुष्कळ जणींचे गळणे कमी होते. लघवी करताना मधेच थांबवून सराव मात्र करू नये. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

व्यायाम सर्वांसाठी सारखा नाही, हेही सांगितले पाहिजे. काहींचे स्नायू सैल नसून आखडलेले असतात. संबंधाच्या वेळी किंवा बसताना दुखते, त्यांना आवळणे नव्हे, सोडणे शिकवावे लागते. अंग पूर्ण बाहेर आले असेल तर ते केवळ व्यायामाने आत जाणार नाही. तिथे आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया लागते. रिंगची गोष्ट आमच्या बायकांना कोणी सांगतच नाही. ती डॉक्टर बसवतात आणि ठरावीक काळाने काढून, धुऊन पुन्हा बसवतात. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस थेंब थेंब लघवी गळत असेल, तर मूत्राशयाला भोक पडलेले असू शकते; तिला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. लघवीतून रक्त, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तरी थांबू नये.

एका पाड्यावरील भगिनी दोन वर्षे प्रार्थनासभेला येत असे, पण ओसरीवर, दाराबाहेर बसे. आम्हाला वाटे, विश्वासात येताना तिला संकोच वाटतो. अंगाला वास येईल ही तिची भीती होती. नाशिकला स्त्रीरोग विभागात दाखवले, रिंग बसली, व्यायाम शिकवला. आता ती आत, चटईवर, मुलांच्या मागे बसते आणि गीत सुरू झाले की मोठ्याने म्हणते.

प्रार्थनेसाठी विषय : आवणी सुरू होण्यापूर्वी पाड्यांवर स्त्रियांचे वर्ग घ्यायचे आहेत, वाट आणि पाऊस यांसाठी प्रार्थना करा. आपल्या मंडळीत कोणी फिजिओथेरपिस्ट भगिनी असेल, तर महिन्यातला एक शनिवार आम्हाला हवा आहे. आणि दान देणाऱ्यांना नम्र विनंती, टॉनिकच्या बाटल्या पाठवू नका. नाशिकला जाण्या-येण्याचे दोघींचे बसभाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी, याच दोन गोष्टींपाशी आमच्या बायका अडतात.