मोटारीचें शीतक कसें निवडावें?

मोटारीच्या इंजिनांत इंधन जळतें त्या क्षणीं नळकांड्यांतील वायूचें उष्णतामान 2000 अंश सेल्सिअसच्याही वर जातें. आजच्या बहुतेक इंजिनांचा वरचा भाग, मिस्त्री लोक ज्यास 'हेड' म्हणतात तो, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो; आणि ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळतें. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे इंजिन चालूं राहतें हेंच आश्चर्य वाटूं लागतें. इंधनाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश कामीं येते, एक तृतीयांश धुरावाटे निघून जाते, आणि राहिलेल्या भागांतील बहुतेक उष्णता इंजिनांत खेळणाऱ्या द्रवास बाहेर वाहून न्यावी लागते. ह्या द्रवास आम्ही येथें शीतक म्हणूं. गॅरेजांत त्यास कूलंट म्हणतात. तें कोणतें घालावें हा प्रश्न गाडी असलेल्या प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां येतो, आणि बहुधा दुकानदाराच्या 'हिरवा देऊं कीं लाल?' ह्या सवालानेंच त्याचा निकाल लागतो. हा निकाल रंगावर कां सोडूं नये, तेवढें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम द्रवाचा मार्ग पाहूं. इंजिनाच्या भिंतींत पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पंप त्यांतून शीतक फिरवितो. तें तापून पुढील जाळीदार रेडिएटरांत येतें, तेथें वाऱ्यानें निवतें व पुन्हा आंत जातें. मध्यें थर्मोस्टॅट नांवाचें एक दार असतें. इंजिन थंड असतां तें मिटलेलें राहतें, व शीतक 80 ते 90 अंशांच्या सुमारास तापलें म्हणजे उघडतें. फोर्ड कंपनीनें 1908 सालीं काढलेल्या 'मॉडेल टी' गाडींत, पहिल्या कांहीं गाड्या सोडल्यास, पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढे व निवलेलें खालीं उतरे. आजच्या इंजिनांचें तेवढ्यानें भागत नाहीं. रेडिएटरचें किंवा टाकीचें झाकणही साधें नसतें. प्रेशर कुकरच्या झाकणाप्रमाणें तें आंत दाब धरून ठेवतें. वातावरणाच्या दाबावर आणखी तितकाच दाब चढला, तर पाणी 100 ऐवजीं सुमारें 120 अंशांवर उकळतें.

मग साधें पाणी कां नको? पाण्यावर अन्याय होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे कीं, उष्णता वाहून नेण्यांत त्याच्याइतका स्वस्त व समर्थ द्रव दुसरा नाहीं. त्याचे दोष निराळे आहेत. तें लोखंडास गंज चढवितें. गोठलें म्हणजे सुमारें 9 टक्के फुगून इंजिनाची भिंत फोडूं शकतें. आणि क्षार मागें ठेवतें. हा तिसरा दोष दख्खनच्या वाचकांस समजावून द्यावयास नको. ज्यांच्या घरीं विहिरीच्या पाण्यावर तांब्याचा बंब तापत असे, त्यांनीं आंतील पांढरें किटण खरवडून काढलेलें पाहिलें असेल. काळ्या खडकांतून झिरपणारें आमच्याकडील पुष्कळसें भूजल कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनीं जड झालेलें असतें. बंबास किटण चढलें तर लांकूड जास्त जळतें एवढेंच. इंजिनांत मात्र तोच थर उष्णतेची वाट अडवितो, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवितो, आणि एखाद्या दुपारीं खंबाटकीच्या चढावर कांटा लाल रेघेशीं जाऊन ठेपतो. तशींच गाडी रेटली तर हेड वांकतें, त्याखालचें गॅसकेट जळतें, आणि दुरुस्तीचा खर्च शीतकाच्या डब्याच्या कित्येक पट होतो.

ह्यावर तोड म्हणून पाण्यांत एथिलीन ग्लायकॉल मिसळतात. शार्ल-आदोल्फ वुर्ट्झ ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तें 1856 सालीं प्रथम तयार केलें. मोटारींत त्याचा प्रसार व्हावयास विसावें शतक उजाडावें लागलें. निम्में ग्लायकॉल व निम्में पाणी असें मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठूं लागतें, व साध्या दाबावर सुमारें 107 अंशांवर उकळतें. नवलाची गोष्ट ही कीं, निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे 13 अंशांवरच गोठतें! शिवाय त्याच्या अंगीं पाण्याइतकी उष्णता वाहण्याची शक्ति नसते. म्हणजे 'जितकें दाट तितकें चांगलें' ही समजूत दोन्ही अंगांनीं खोटी ठरते. पुण्यास गोठण्याची भीति नाहीं हें खरें. परंतु ज्यांचें कोणी नोकरीनिमित्त लडाखांत गाडीसह राहत असेल, त्यांनीं द्रासचा हिवाळा आठवावा. तेथें पारा उणे 20 च्याही खालीं उतरतो.

ग्लायकॉल हा शीतकाचा देह झाला; प्राण निराळाच आहे. व्होल्टाच्या घटांत दोन भिन्न धातु एका द्रवांत बुडविले म्हणजे वीज उत्पन्न होते व त्यांतील एक धातु झिजतो, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. इंजिनांत लोखंड, ॲल्युमिनियम आणि कित्येकदां तांबें व पितळही एकाच द्रवांत बुडालेलीं असतात. तेव्हां इंजिन हाही एक न मागितलेला घटच होय. ही झीज थांबविणारीं गंजरोधक द्रव्यें शीतकांत अगदीं थोड्या प्रमाणांत असतात, पण खरी निवड त्यांचीच करावयाची असते. जुन्या पद्धतीच्या शीतकांत सिलिकेट, फॉस्फेट अशीं खनिज द्रव्यें असतात. तीं धातूवर त्वरित पातळ थर चढवितात पण लवकर खर्ची पडतात, म्हणून तें शीतक दोनेक वर्षांनीं बदलावें लागतें. दुसऱ्या पद्धतींत सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते पांच वर्षें किंवा त्याहून अधिक टिकतात. तिसरी पद्धत दोहोंच्या मिश्रणाची. ह्यांतही मौज अशी कीं, युरोपांतील कारखानदार बहुधा फॉस्फेट टाळतात, कारण तेथील जड पाण्याशीं त्याचा संयोग होऊन सांका बसतो. जपानी कारखानदार पंपाचें सील झिजूं नये म्हणून सिलिकेट टाळतात, व फॉस्फेट मात्र आवडीनें घालतात. दोघेही आपापल्या इंजिनापुरते बरोबरच आहेत. म्हणून 'सर्वांत चांगलें शीतक कोणतें?' हा प्रश्न अपुरा आहे, 'कोणत्या गाडीसाठीं?' हें जोडल्याविना त्यास उत्तर नाहीं.

आतां रंग. ग्लायकॉलास स्वतःचा रंग नसतो. गळती दिसावी व द्रव ओळखतां यावा म्हणून कारखानदार तो घालतात. टोयोटाचें शीतक तांबडें किंवा गुलाबी असतें, होंडाचें निळें. पण रंगाविषयीं सर्वांस बांधणारा नियम नसल्यामुळें, दुसऱ्या कोणाचें गुलाबी शीतक टोयोटाच्या गुलाबीशीं जुळेल अशी कांहींच हमी नाहीं. फोक्सवागनच्या गाड्यांत पूर्वीं 'जी 11' नांवाचें निळसर हिरवें शीतक असे. पुढें तांबडें 'जी 12' आलें. हीं दोन्ही मिसळलीं म्हणजे गढूळ तपकिरी द्रव होई व गंजरोधक गुण नासे. मग त्या कंपनीनें दोहोंशीं जुळणारें 'जी 12 प्लस' काढलें. रंगाच्या नांवानें शीतक मागणारा ग्राहक आणि औषधाच्या दुकानांत 'तांबडें औषध द्या' म्हणणारा गिऱ्हाईक, ह्या दोघांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं.

तेव्हां गाडीबरोबर मिळालेली, व बहुतेक घरांत कधींही न उघडलेली, माहितीपुस्तिका काढावी. तींत शीतकाचें नांव किंवा प्रकार दिलेला असतो. तोच डब्यावर आहे कीं नाहीं तें ताडून पाहावें. भारतीय मानक आय. एस. 5759, जपानी जे. आय. एस. के 2234 किंवा अमेरिकन ए. एस. टी. एम. डी 3306 ह्यांपैकीं एखादें मानक डब्यावर छापलेलें असलें तर बरें. पण ती किमान पात्रता झाली, पुस्तिकेची जागा तिला घेतां येत नाहीं. 'सर्व गाड्यांस चालतें' असें लिहिलेला डबा आम्ही तरी जुना द्रव पुरता काढून टाकल्यावांचून वापरणार नाहीं.

डबे दोन प्रकारचे मिळतात : एक तयार मिश्रणाचा, त्यांत पाणी मुळींच घालावयाचें नसतें, दुसरा दाट अर्काचा, त्यांत पुस्तिकेंतील प्रमाणानें डिस्टिल्ड पाणी घालावयाचें असतें. येथें मुलांनीं एक गणित करून पाहावें. इंजिनांत एकूण 6 लिटर द्रव मावतो. आंत साधें पाणी होतें. खालचा बूच काढल्यावर 4 लिटर बाहेर आलें व 2 लिटर वाटांत अडकून राहिलें. त्यावर 4 लिटर तयार निम्मे-निम्में मिश्रण ओतलें, तर ग्लायकॉल 6 लिटरांत 2 लिटर, म्हणजे तृतीयांशच झालें. निम्में प्रमाण हवें असेल तर 3 लिटर अर्क व 1 लिटर डिस्टिल्ड पाणी ओतलें पाहिजे. हा हिशेब न केल्यानें नवें शीतक घालूनही पातळच राहतें.

पातळी नेहमीं इंजिन थंड असतां टाकीवरील दोन रेघांमध्यें पाहावी. ती वरचेवर उतरत असेल तर भर घालीत न बसतां गळती शोधावी. रस्त्यांत अडचण आलीच, तर स्वच्छ पाणी घालून घर गाठण्यास हरकत नाहीं. मात्र पुढें प्रमाण नीट करून घ्यावें. विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या म्हणून हा विषय संपला असें कोणी समजूं नये. त्यांतील पुष्कळांच्या बॅटऱ्याही द्रवानेंच निवविल्या जातात, आणि कांहींस तर वीज फारशी न वाहणारें निराळेंच शीतक लागतें.

आतां पालकांनीं विशेष लक्ष द्यावें असे दोन धोके. गरम इंजिनाचें झाकण कधींही उघडूं नये. दाब सुटतांच आंतील द्रव एकदम उकळून तोंडावर येतो. दुसरा धोका अधिक फसवा आहे. ग्लायकॉल गोड लागतें आणि तें विष आहे. शरीरांत त्याचें ऑक्झॅलिक आम्ल बनतें, व त्याचे कॅल्शियमशीं झालेले स्फटिक मूत्रपिंडांत अडकतात. सांडलेलें शीतक चाटून कुत्रीं-मांजरें मरतात. माणूस आरंभीं नुसता झिंगल्यासारखा दिसतो, म्हणून घरच्यांस धोका उमगत नाहीं. मुलाच्या पोटांत तें गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहतां डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावें. फोमेपिझोल हें त्यावरील उताऱ्याचें औषध आहे, पण तें वेळीं मिळालें तरच उपयोगी. उरलेलें शीतक पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कदापि भरूं नये. मूळच्याच डब्यांत, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर ठेवावें. काढलेलें जुनें शीतक गटारांत किंवा झाडाच्या बुंध्याशीं न ओततां झांकणाच्या डब्यांत भरून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावें, आणि जमिनीवर थेंब पडले असल्यास भरपूर पाण्यानें लगेच धुवून काढावे.